कोची मुक्काम : रविवारची बैठक

नमस्कार मंडळी,

जानेवारीत कोचीच्या बोळगट्टी मरीनात बोटीवर राहायला येणाऱ्या सभासदांची बैठक येत्या रविवारी सकाळी 8 वाजता, संभाजी बागेच्या जंगली महाराज रस्त्याकडच्या दाराशी. आठ म्हणजे आठ. पावणेनऊला 'निघालोच' असा मेसेज नको.

स्वेटर पुणे स्टेशनापर्यंतच. तिकडे जानेवारीतही दुपारी 30 अंशांच्या वर, शिवाय दमट हवा. सुती कपडे घ्या.

- चाकांची बॅग नको, बोटीत ठेवायला जागाच नाही. घडी होणारी सॅक आणा.
- काळ्या तळव्याचे बूट डेकवर चालणार नाहीत, डाग पडतात.
- गोडं पाणी टाकीपुरतंच. साबण लावताना नळ बंद. गेल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी टाकी कोरडी पडली आणि आमचे एक काका डोक्याला शाम्पूचा फेस तसाच ठेवून जेट्टीवरच्या नळापर्यंत चालत गेले.
- संडासाच्या हातपंपात टिश्यू, केस काहीही टाकू नका. ज्याने तुंबवला त्यानेच खोलायचा. यावर चर्चा नाही.

रविवारी आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन मीटर दोरी आणा. बोलाइन गाठ (ओढली तरी न आवळणारा फास) प्रत्येकाने बांधून दाखवायची आहे.