एसी दुरुस्तीच्या बिलातील जादा आकारणीबाबत तक्रार

दि. १४ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, नाशिक शाखा

विषय : न बसवलेला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा सुटा भाग) आणि गरज नसताना भरलेला गॅस यांचे ६,०७७ रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

१० मे रोजी तुमच्या तंत्रज्ञाने इंदिरानगर येथील आमच्या घरी दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसीची दुरुस्ती केली. तक्रार एवढीच होती की कूलिंग कमी पडते आणि इनडोअरच्या कॉइलवर कधी कधी बर्फ धरतो. पाऊण तासात बिल झाले ७,७२९ रुपये. त्यात गॅस १.४ किलो ४,२००, कपॅसिटर ५० एमएफडी (मायक्रोफॅरड) ९५०, जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुलाई) ८००, व्हिजिट ६०० आणि वर १८ टक्के जीएसटी १,१७९. सर्व्हिस आणि व्हिजिट मान्य. वाद पहिल्या दोन ओळींचा आहे.

आधी कपॅसिटर, कारण तो सोपा आहे. ५० एमएफडीचा डबा जुन्या, फिक्स स्पीडच्या कॉम्प्रेसरला लागतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर पीसीबीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावरून चालतो, त्याला असा रन कपॅसिटर नसतोच. या मॉडेलची आउटडोअर पंख्याची मोटरही बीएलडीसी (बोर्डावरून चालणारी, ब्रश नसलेली डीसी मोटर) आहे, म्हणजे पंख्याचा छोटा कपॅसिटरही नाही. पीसीबीवर कपॅसिटर असतात हे खरे, पण ते बोर्डाला सोल्डर केलेले असतात आणि जागेवर पाच मिनिटांत बदलले जात नाहीत. झाकण उघडून काढलेला फोटो सोबत आहे. हा ५० एमएफडीचा डबा त्यात कुठे बसवला ते तुमच्या माणसाने बोट ठेवून दाखवावे. काढलेला जुना पार्ट मागितला तर ‘कंपनीत जमा करावा लागतो’ असे उत्तर मिळाले.

आता गॅस. आउटडोअरच्या माहितीपट्टीवर आर-३२ (गॅसचा प्रकार), ०.७२ किलो असे छापले आहे. पाइप कंपनीने दिलेल्या लांबीचाच आहे, म्हणून वाढीव गॅस लागत नाही. आधीचा गॅस काढलाही नव्हता. मग वरून १.४ किलो गेला कसा? मुळात वजनकाटाच आणला नव्हता. सिलिंडरचा व्हॉल्व्ह दीड-दोन मिनिटे उघडला आणि गेजचा काटा वर सरकला की बंद केला. एवढ्यावर ‘१.४ किलो’ लिहिणे म्हणजे अंदाजपंचे.

पण खरी चूक याच्याही आधीची आहे. फोटोंच्या वेळा पाहा. गॅसचे प्रेशर मोजणारा गेज ४ वाजून १० मिनिटांनी लावला, प्रेशर ९२ पीएसआय (दाबाचे एकक). जेट पंप सुरू झाला ४ वाजून ३५ मिनिटांनी. म्हणजे मोजमाप झाले ते घाणेरड्या कॉइलवर. इनडोअर कॉइलच्या पातळ पत्र्यांवर धुळीचा राखाडी थर नमद्यासारखा बसला होता, पंख्याची पातीही भरलेली होती. बादलीत उतरलेले पाणी काळेकुट्ट होते. कॉइलवरून हवा कमी गेली की सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचे प्रेशर) पडते, कॉइल गोठते आणि गेजवर चित्र अगदी गॅस कमी असल्यासारखे दिसते. शिवाय इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशरही बदलते. म्हणून आधी धुलाई, मग मशीन टेस्ट मोडमध्ये पूर्ण वेगाने चालवून मोजमाप, आणि तरीही शंका राहिली तर गॅस काढून, व्हॅक्यूम करून (आतली हवा पंपाने ओढून काढून) वजनाने भरणे, असा क्रम हवा. इथे तो उलटा झाला.

गॅस खरोखरच कमी झाला असता तर लीक कुठे आहे हे शोधायला हवे होते. सीलबंद मशीनमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. लीकच्या जागी बहुधा तेलाचा ओघळ दिसतो. इथे पाइपच्या जोडावरचे दोन्ही फ्लेअर नट कोरडे आहेत आणि साबणाच्या पाण्यालाही बुडबुडा नाही. नायट्रोजन टेस्ट (नायट्रोजन दाबाने भरून लीक तपासणे) झाली नाही, व्हॅक्यूम पंप तर गाडीतून उतरलाच नाही.

परिणाम असा की कॉइल धुऊन झाल्यावर आता मशीनमध्ये गॅस जास्त आहे. दुपारी बाराच्या पुढे ऊन तापले की आउटडोअर वीसेक मिनिटांत ट्रिप होतो. वायरभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर पूर्ण वेगात ८.४ अँपिअर दिसतात, पट्टीवर रेटेड ६.६ आहे. असेच चालत राहिले तर कॉम्प्रेसर जाईल, आणि तेव्हा वॉरंटीचा वाद नको म्हणून हे आताच लेखी देत आहे.

आणखी एक. बिलावर जीएसटी आकारला आहे, पण जीएसटी नंबर नाही, आणि पैसे ज्या क्यूआर कोडवर घेतले तो कंपनीच्या नावाचा नव्हता. हा कर कुठे भरला ते कळवावे.

मागणी दोनच. गॅस व कपॅसिटरचे ५,१५० आणि त्यावरचा जीएसटी ९२७, मिळून ६,०७७ रुपये परत करावेत. आणि वजनकाटा व व्हॅक्यूम पंप घेऊन दुसरा तंत्रज्ञ पाठवावा. त्याने सध्याचा गॅस हवेत न सोडता रिकव्हर करून ७२० ग्रॅम वजनाने भरावा, विनामूल्य.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, पेमेंटचा स्क्रीनशॉट, आउटडोअरच्या पट्टीचा, उघडलेल्या पॅनेलचा, गेजचा आणि क्लॅम्प मीटरचा फोटो.