चित्रांच्या मागच्या बाजूबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

स्केचबुकांचा अख्खा गठ्ठा आम्हां विद्यार्थ्यांच्या हवाली करताना तुम्ही त्यातली फसलेली चित्रं काढून घेतली नाहीत, म्हणून हे पत्र. प्रवासातली निसर्गचित्रं आणि घराच्या खिडकीतून दिसणारं तळं, त्यापलीकडची टेकडी, सगळं एकाच वहीत एकापाठोपाठ आहे. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने वेळ, हवा, वापरलेले रंग आणि कुठे बिघडलं ते लिहिलेलं. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, तेव्हा तोही मागे दिवस, तास आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवायचा. तुम्ही त्यात चूक का झाली तेही लिहिलंत, आणि आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

रंगाला हात लावण्याआधी तुम्ही पाच बाय सात सेंटिमीटरच्या तीन-चार चौकटी आखता. प्रत्येकीला दोन मिनिटं आणि तीनच टोन, म्हणजे उजळ-गडदाच्या पायऱ्या: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि ४बी पेन्सिलीचा गडद. डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे बारकावे विरघळतात आणि मोठे आकार उरतात. जिथे चौकटी टाळल्यात तिथे मागे तशी कबुली आहे, आणि चित्रात मधले टोन एकमेकांत मिसळून सगळं सपाट झालेलं दिसतं. कॉन्स्टेबलचा समकालीन इंग्रज चित्रकार टर्नर, त्यानेही १८१९च्या इटलीच्या प्रवासात वह्या भरल्या त्या मुख्यतः पेन्सिलीनेच. प्रवासात वेळ कमी असतो आणि रंग वाळायला थांबत बसावं लागतं, पेन्सिलीला ती अडचण नाही.

सावल्यांचंही तसंच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे दोन तासांनंतर समोरचं दृश्य वेगळंच असतं. तुम्ही सावल्यांच्या कडा आधी आखून घेता आणि मग समोर काहीही झालं तरी त्या हलवत नाही. हे न पाळलेल्या एका चित्रात झाडाची सावली डावीकडे आणि दगडाची उजवीकडे पडली आहे. मागे फक्त दोन वेळा लिहिल्या आहेत, चित्र सुरू केल्याची आणि संपवल्याची.

घरची चित्रं प्रवासाच्या चित्रांना कशी सुधारतात, आणि क्वचित बिघडवतातही, हे आम्हाला त्या उंचावरच्या कोरड्या पहाडांच्या पानांवर कळलं. घरी तळ्यावरची हवा दमट. टेकडी जेमतेम दोन किलोमीटरवर, तरी ती निळसर आणि फिकी दिसते. तोच निळा हात तुम्ही पहाडात नेलात आणि मागची रांग धुक्यात गेल्यासारखी झाली. प्रत्यक्षात तिथल्या स्वच्छ, विरळ हवेत वीस किलोमीटरवरचा कडाही धारदार दिसतो. तिथे खोली दाखवायची ती आकाराच्या फरकाने आणि एका रांगेने दुसरीला झाकण्याने, निळा फासून नव्हे. दूरचं बर्फ किंचित पिवळसर दिसतं, त्याचं कारणही तुम्ही दिलंय. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. गडद डोंगरापुढे तो विखुरलेला निळा पडद्यासारखा येतो. पांढऱ्या बर्फावरून निघालेल्या प्रकाशातला निळा मात्र वाटेतच गळतो. एकच हवा, पण गडद वस्तूवर एक परिणाम आणि उजळ वस्तूवर दुसरा. ही एक नोंद वाचल्यावर आमच्यापैकी प्रत्येकाने आपापले जुने डोंगर काढून पुन्हा बघितले.

तळ्याच्या पानांपाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. पाण्यातली टेकडी म्हणजे वरच्या टेकडीचं उलटं चित्र, असं धरून आम्ही ती काठावरच्या झाडांवर वरच्याइतकीच उंच काढायचो. तुमच्या पानावर प्रतिबिंबात टेकडी बरीच बुटकी आहे, झाडांनी जवळजवळ गिळलेली. शेजारी छोटी आकृती आहे: पाणी टेकडीकडे बघतं ते जणू पृष्ठभागाच्या खालून, आपला डोळा पाण्याच्या जेवढा वर तेवढाच खाली असल्यासारखं. तिथून बघताना जवळची झाडं मागच्या टेकडीला जास्त झाकतात. खिडकी जितकी उंच, तितका हा फरक मोठा. टोनही बदलतात: गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं उजळ, उजळ आकाशाचं थोडं गडद. हे खिडकीतून पन्नासदा बघितलेलं असल्यामुळेच परक्या सरोवरावर अर्ध्या तासात तुमचं पाणी बरोबर येतं.

हिरव्याबद्दल थोडक्यात. ट्यूबमधला तयार हिरवा थेट कागदावर आला की झाड प्लॅस्टिकचं दिसतं. अल्ट्रामरीन या निळ्यामध्ये लेमन यलो घातला की हिरवा दबतो, कारण अल्ट्रामरीनचा कल जांभळ्याकडे. थॅलो ब्लू या दुसऱ्या निळ्याने तो भडक होतो, मग त्यात टोकभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. बाकी करड्यांसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी पुरते, हे तुमच्या ढगांनी पटवलं.

फोनवरच्या फोटोबद्दलची तुमची सूचना आम्ही आता सगळ्यांना सांगतो. फोनची नेहमीची लेन्स रुंद कोनाची, म्हणून दूरचा डोंगर फोटोत ठेंगणा होतो. सावल्या काळ्या ठोकळ्यासारख्या येतात आणि आकाश जळून पांढरं पडतं. फोटो फांदीचा आकार आठवायला ठेवावा. डोंगराची उंची आणि सावलीतला रंग स्केचमधूनच घ्यावा. आणखी एक: कागदावर थेट ऊन पडू द्यायचं नाही. उन्हात प्रत्येक रंग उजळ वाटतो, म्हणून हात गडद करत जातो, आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी किंवा करडी हवी. रंगीत छत्रीची छटा कागदावर उतरते.

जुन्या वहीतल्या संध्याकाळच्या आकाशात आता गुलाबी उरलेला नाही. मागे नंतरच्या शाईत नोंद आहे: जुना अलिझारिन क्रिमसन (गर्द लाल), उडाला. त्याखाली उपायही आहे. त्याऐवजी क्विनाक्रिडोन हा जास्त टिकणारा लाल वापरायचा, आणि नव्या रंगाची पट्टी अर्धी झाकून तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवून बघायची. आमच्या पट्ट्या लावून झाल्या आहेत.

वह्या सोबत परत पाठवत आहोत. पानांच्या मध्ये ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घातला आहे, म्हणजे पेन्सिल समोरच्या पानावर उठणार नाही. तिसऱ्या वहीतलं तळ्याचं शेवटचं पान शिवणीतून सुटलं होतं. साध्या चिकटपट्टीचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात मुरतो, म्हणून ती लावली नाही. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ करून जपानी कागदाच्या पट्टीने पान जोडलं आहे. पट्टी मागच्या बाजूने आहे, पण तुमच्या नोंदीतलं एकही अक्षर तिच्याखाली गेलेलं नाही.

आपले विद्यार्थी