सोळाव्या वर्षी अमेरिकेच्या शाळेत: ईएसएलचा वर्ग नाकारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतील बदलीमुळे, किंवा भावा-बहिणीने केलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला बऱ्याच वर्षांनी मंजुरी मिळाल्यामुळे, महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे हायस्कूलच्या वयातील मुलांना घेऊन अमेरिकेत येतात. मराठी वृत्तपत्रांत अशा कुटुंबांसाठी व्हिसा, घरभाडे, आरोग्य विमा यांविषयी वेळोवेळी उपयुक्त मजकूर येतो. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे इथल्या शाळेत नेमके काय होते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. मी न्यू जर्सीतील एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये, या देशात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुले ग्वाटेमाला, होंडुरास, इक्वेडोर, डोमिनिकन रिपब्लिक आणि हैती येथून आलेली असतात. काही गुजरात, आंध्र, पंजाब येथून येतात आणि अधूनमधून एखादे मराठी मूलही असते. या कामातून माझे जे ठाम मत झाले आहे, ते आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शाळा मुलाला ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणारा, वर्ग देऊ करत असेल तर पालकांनी तो नाकारू नये. आणि इंग्रजी पक्के होईपर्यंत बीजगणित, जीवशास्त्र किंवा इतिहास बाजूला ठेवू, असे शाळेतून कोणी सुचवले, तर तेही मान्य करू नये.

यामागचे कारण साध्या हिशेबाचे आहे. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्यातील भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद करावा, असे मांडले. मित्रांशी बोलण्यापुरती, दुकानात किंवा मैदानावर लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते. धडा वाचून त्यातील युक्तिवाद समजून घेण्याची आणि स्वतःचे मत पुराव्यासह लिहिण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, एकूण चार वर्षे. सोळाव्या वर्षी येणाऱ्या मुलाला दहावीत किंवा अकरावीत प्रवेश मिळतो, म्हणजे त्याच्या हातात दोन-तीन वर्षेच असतात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण केल्याच्या पदविकेसाठी किमान १२० क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, लागतात. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान आणि अमेरिकेचा इतिहास हे सारे येते, आणि कायद्याने मोफत सार्वजनिक शिक्षणाचा हक्क इथे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच आहे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात ही मर्यादा थोडी सैल आहे, तिथे एकविसावे वर्ष ज्या शैक्षणिक वर्षात पूर्ण होते ते वर्ष मुलाला पुरे करता येते. ‘आधी भाषा, मग विषय’ हा क्रम सहा वर्षांच्या मुलाला कदाचित परवडेल; सोळा वर्षांच्या मुलाला तो परवडत नाही, कारण भाषा पुरी व्हायच्या आतच शाळा संपते.

म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र शिकवाव्या लागतात, आणि हे बोलायला सोपे असले तरी करायला फार कष्टाचे काम आहे. गणिताचेच पाहा. वर्गसमीकरण सहज सोडवणारा मुलगा शाब्दिक उदाहरणापाशी अडखळतो. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ असे वाचले की तो पाच आधी लिहितो आणि त्यातून क्ष वजा करतो, कारण शब्द त्याच क्रमाने आले आहेत. मराठीत ‘एका संख्येपेक्षा पाचने कमी’ असे म्हणताना संख्या आधी येते, त्यामुळे क्ष वजा पाच हे आपोआप लिहिले जाते. त्याला गणित येत नाही असा निष्कर्ष काढणारा शिक्षक त्याला खालच्या वर्गात पाठवतो आणि तिथून वर चढायला त्या मुलाकडे वेळ उरत नाही. हीच अडचण ओळखणारा शिक्षक त्या दिवशी दहा मिनिटे केवळ अशा वाक्यांच्या रचनेवर घालवतो, मुलांना ती मोठ्याने वाचायला लावतो, जोडीदाराला समजावून सांगायला लावतो आणि मग समीकरणाकडे वळतो. विज्ञानाच्या तासाला प्रयोग आधी होतो, त्यावर जोडीने बोलणे होते, बोलताना जे शब्द अडले ते फळ्यावर येतात आणि वाचन त्यानंतर सुरू होते. लिहिताना मुलांना अर्धवट वाक्ये दिली जातात: ‘माझे म्हणणे असे की…’, ‘याचा पुरावा म्हणून…’. धडा त्याच इयत्तेचा राहतो. तो पेलण्यासाठी आधार वाढवला जातो. सातवीतले सोपे पुस्तक अकरावीतील मुलाच्या हातात देणे यालाच काही जण मदत समजतात. माझ्या मते तो त्या मुलाच्या बुद्धीचा अपमान आहे.

या पद्धतीचा इतिहास मोठा आणि शिकण्यासारखा आहे. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९८५ मध्ये इंटरनॅशनल हायस्कूल सुरू झाले. नुकत्याच आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठीच ते होते. तिथे भाषाशिक्षक वेगळा आणि विषयशिक्षक वेगळा ही विभागणी मोडली गेली. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयातून भाषाही शिकवायची, वेगवेगळ्या मातृभाषांची आणि वेगवेगळ्या तयारीची मुले मुद्दाम एका गटात बसवायची, आणि त्यांनी मिळून केलेल्या प्रकल्पांवरून त्यांची प्रगती मोजायची, असे ठरले. पुढे त्याच धर्तीवर इतर शहरांतही शाळा निघाल्या. कॅलिफोर्नियातील ओकलंड इंटरनॅशनल हायस्कूल २००७ मध्ये सुरू झाले. सर्वत्र अशी शाळा काढणे शक्य नसते, पण तिथली रीत साध्या शाळेतल्या एका वर्गातही वापरता येते.

आता मराठी पालकांविषयी थोडे अधिक मोकळेपणाने लिहिते. शाळेत नाव घालताना घरात कोणती भाषा बोलली जाते याची एक प्रश्नावली भरून घेतात. त्यात मराठी असे लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत ही चाचणी विस्कॉन्सिन विद्यापीठातील ‘विडा’ या संस्थेची असते आणि तिच्यात ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे अशी चार अंगे एक ते सहा अशा पातळ्यांत मोजली जातात. इंग्रजी माध्यमात शिकलेले आपले मूल वाचनात बऱ्यापैकी गुण मिळवते. ऐकण्यात आणि बोलण्यात मात्र मागे पडते, कारण इथल्या शिक्षकांचा बोलण्याचा वेग, उच्चार आणि वर्गातील उलटसुलट चर्चा त्याच्या कानाला नवी असते. चाचणीचा निकाल पाहून पालक दुखावतात. ‘आमचा मुलगा पहिलीपासून इंग्लिश मीडियमला आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्यामागचा अभिमान मला समजतो, कारण त्या शाळेची फी भरण्यासाठी घराने काय काय सोडले हेही मला ठाऊक आहे. पण त्या अभिमानापोटी ईएसएलची सेवा नाकारणाऱ्या पत्रावर सही केली, तर नुकसान मुलाचे होते. सेवा नाकारण्याचा हक्क पालकांना आहे. तरी पुरेसे इंग्रजी येईपर्यंत इंग्रजीची दरवर्षीची परीक्षा मुलाला द्यावीच लागते. म्हणजे परीक्षा राहते आणि शिकवणारा वर्ग तेवढा जातो. प्रश्नावलीत घरची भाषा ‘इंग्रजी’ असे खोटे लिहावे, असा सल्लाही ओळखीपाळखीतून दिला जातो. तो कृपया कोणी मानू नये.

याहूनही अधिक खटकणारी एक गोष्ट आहे. काही पालकांचा खरा आक्षेप वर्गाला नसून वर्गातील इतर मुलांना असतो. ‘त्या मुलांबरोबर’ आपले मूल बसले की ते मागे पडेल, असे ते हलक्या आवाजात सांगतात. ती मुले कोण आहेत, हे मी जाणते. त्यांतील कोणी ग्वाटेमालातील डोंगराळ गावात माम किंवा किचे ही तिथल्या माया लोकांची भाषा बोलत वाढला आणि स्पॅनिशही शाळेतच शिकला. कोणाचे शिक्षण गावातील हिंसाचारामुळे मध्येच तीन-चार वर्षे तुटले. कोणी रात्री उपाहारगृहात भांडी घासून सकाळी पहिल्या तासाला वेळेवर हजर असतो. त्यांच्याकडून आपल्या मुलाने शिकावे असे पुष्कळ आहे, आणि एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे आपल्या मुलाला त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावे लागते, हा तर वर्गाचा मोठा फायदा आहे. आपण स्वतः स्थलांतरित असताना दुसऱ्या स्थलांतरिताकडे अशा नजरेने पाहावे, हे मला फार दुःखाचे वाटते.

ही सेवा शाळेची कृपा नव्हे, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १८०० चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नसूनही शाळांकडून कोणतीच वेगळी मदत मिळत नव्हती. त्यांच्या वतीने लढवल्या गेलेल्या ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये एकमताने निकाल दिला: सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणाचे दार बंदच राहते. पुढे १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात, मुलाजवळ कायदेशीर कागदपत्रे नसली तरी त्याला सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ठरले. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि त्याच वर्षी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्कांविषयी २०१५ साली शाळांना दिलेल्या सविस्तर सूचना केंद्रीय शिक्षण खात्याने मागे घेतल्या. त्यामुळे शाळांवरची देखरेख ढिली होईल, अशी आम्हा शिक्षकांना रास्त भीती वाटते. पण १९७४ चा निकाल आणि त्यामागचा नागरी हक्कांचा कायदा आजही कायम आहे, आणि पालकांनी त्याचा आधार घेऊन मागणी करणे आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

घरात मराठी बंद करून इंग्रजी सुरू केल्याने मूल लवकर शिकेल, ही समजूतही मुलाच्या आड येते. ज्याला प्रकाशसंश्लेषण मराठीतून नीट समजले आहे त्याला इंग्रजीत केवळ नवी नावे शिकायची असतात. कल्पना त्याच्याजवळ असतेच. मराठी माध्यमातून आलेली मुले पहिले काही महिने वर्गात गप्प असतात आणि पालक घाबरतात. या काळात ती ऐकत आणि साठवत असतात. त्यांनी संध्याकाळी घरी आजचा इतिहासाचा धडा आई-वडिलांना मराठीत समजावून सांगितला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर इंग्रजीत चार वाक्ये लिहिणे त्यांना सोपे जाते. मोडके इंग्रजी बोलणाऱ्या घरापेक्षा भरभरून मराठी बोलणारे घर अभ्यासाला अधिक उपयोगी पडते, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

शेवटी एक व्यवहाराची बाब, जिच्यामुळे मुलांचे अकारण वर्ष जाते. आपल्याकडे दहावीच्या बोर्डाची गुणपत्रिका जपून ठेवतात आणि नववीची शाळेतच राहते. इथे क्रेडिट नववीपासून मोजले जातात. नववीचे गुण दाखवता आले नाहीत तर तिकडे शिकलेले बीजगणित आणि विज्ञान कागदावर उरत नाही आणि तेच विषय पुन्हा घ्यावे लागतात. देश सोडण्यापूर्वी नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि शक्य असल्यास प्रत्येक विषयात काय शिकवले याचा थोडक्यात तपशील मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत लिहून घ्यावा. इथे आल्यावर शाळेतील काउन्सिलरना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांना, भेटताना स्वतःच्या इंग्रजीविषयी संकोच वाटत असेल, तर दुभाषा मागावा. पालकांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणे शाळेला बंधनकारक आहे. आपल्या वृत्तपत्राने शैक्षणिक वर्ष संपण्याच्या सुमारास, म्हणजे कुटुंबे निघण्याच्या आधी, ही कागदपत्रांची माहिती ठळकपणे छापावी, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका, न्यू जर्सी