सूचना : रविवारी आठवण्याचा सराव

अभ्यासगटातील सर्व सदस्यांसाठी,

येत्या रविवारी सकाळी १० ते ११.३० नेहमीच्या खोलीत स्मरणशक्तीचं सत्र आहे.

– या आठवड्यात वाचलेलं एक प्रकरण आणि २० कोऱ्या चिठ्ठ्या आणा.
– पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहायचं, मगच ताडून बघायचं. मध्येच डोकावणं चालणार नाही. (पहिल्यांदा निम्मं पान कोरंच राहतं, लाजू नका.)

विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडलं. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. तारखा चिठ्ठीमागेच टाकू.

शनिवारी जागरण नको. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.