सूचना: हवासूला निघायच्या आधी आरव्हीचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) फ्रिज-एसी बघून घ्या

मंडळी, शुक्रवारी पहाटे 5 ला फिनिक्सहून लेक हवासूला निघायचंय, 4:45 ला नेहमीच्या पार्किंगमध्ये या. तिकडे जुलैत 110 फॅरेनहाइट म्हणजे रोजचंच, जून 1994 मध्ये तर 128 झालं होतं, अख्ख्या अ‍ॅरिझोनाचा रेकॉर्ड! म्हणून आधीच सांगतोय.

- गॅसवर चालणारा फ्रिज गुरुवारी सकाळीच चालू करा, थंड व्हायला खूप तास लागतात. गाडी सपाट उभी पाहिजे, तिरकी असली की आतला अमोनिया नीट फिरत नाही आणि फ्रिज कायमचा जाऊ शकतो. सामान घरूनच थंड करून भरा, गरम आमटीचं पातेलं आत ढकलू नका (गेल्या वर्षी आम्हीच ढकललं होतं, श्रीखंडाचं पाणी झालं). साइटवर फ्रिजची बाहेरची जाळी सावलीत येईल अशी गाडी लावा.

- एसीचा फिल्टर धुवा. एसी आत ओढलेली हवा एका फेरीत साधारण 20 डिग्रीच थंड करतो, तेव्हा सकाळपासूनच लावा, गाडी भट्टी झाल्यावर नाही. खिडक्यांना चंदेरी शीट.

- 30 अँपवाल्यांनो (ज्यांच्या गाडीचं वीज कनेक्शन 30 अँपचं आहे), एसी चालू असताना मायक्रोवेव्ह किंवा कुकर लावू नका प्लीज, ब्रेकर उडणारच. दुपारी सगळ्यांचे एसी चालू असले की व्होल्टेज पडतं, 105 व्होल्टच्या खाली गेलं तर एसी लगेच बंद करा, कंप्रेसर जळतो.

व्होल्टमीटर नसेल त्यांनी बुधवारपर्यंत कळवा, माझ्याकडे 2 जास्तीचे आहेत.