पाठपिशवी चालणाऱ्याची, बसणाऱ्याला बंडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हिवाळ्यात पक्षी पाहायला निघताना काय काय बरोबर घ्यावं, यावरचा लेख वाचला. सिरपूर आणि यशवंतसागर या आपल्या इंदूरच्या दोन्ही तलावांना 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. तेव्हापासून धार रोडवर सकाळी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळी बरीच दिसतात, त्यामुळे लेख वेळेवर आला. यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे सगळं भरायला ‘40 लिटरची, भरपूर कप्प्यांची पाठपिशवी घ्यावी’ हा सल्ला मात्र पटला नाही. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात माझा जन्म गेला. पिशवीबद्दल कुणी काही छापलं की माझे हात शिवशिवतात, म्हणून हे पत्र.

पाठपिशवी ही चालणाऱ्याची वस्तू. डोंगर चढायचा असेल, मुक्कामाला जायचं असेल, तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. सिरपूरच्या पाळीवर आपण चालतो किती? दहा-पंधरा मिनिटं. मग कुठल्या तरी बाभळीखाली बूड टेकतो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच. बसलं की पाठपिशवी काढावी लागते. काढली की ती चिखलात किंवा दवावर. पाणी हवं, चष्मा हवा, वही हवी की दर वेळी अर्धं अंग वळवून चेन ओढायची. आणि कप्प्यांच्या त्या चिकटपट्ट्या (वेल्क्रो)! थापट्या बदकांचा एक छान थवा काठाशी चरत होता, शेजारच्या गृहस्थांनी बिस्किटासाठी कप्पा उघडला, ‘खर्रर्र’ आवाज झाला आणि थवा पार पलीकडच्या काठाला. गृहस्थ आम्हालाच विचारतात, काय झालं हो?

बसून राहणाऱ्याने सामान कुठे ठेवावं, या प्रश्नाचा सगळ्यात नीट विचार कुणी केला असेल, तर तो अमेरिकेतल्या रानटर्कीच्या शिकाऱ्यांनी, असं माझं मत आहे. पक्षी पाहण्याच्या गोष्टीत शिकारी कुठून आले म्हणून काही वाचक नाराज होतील. होऊ द्या, पण पुढचं वाचा.

माझी लेक पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत, वसंतात टर्कीच्या मागे जाणारे. तिकडे त्या शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो आणि वसंतात फक्त दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारख्या पिसांचा झुबका असलेला पक्षीच मारता येतो, आणि तो बहुतेक नरच असतो. टर्की आपल्या मोराच्या आणि तितराच्याच कुळातला. रात्री झाडावर बसतो, उजाडता उजाडता खाली उतरतो. नाक यथातथाच, पण डोळे आणि कान फार तिखट. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं. अशा पक्ष्याच्या मागे पळून उपयोग नाही. शिकारी झाडाला पाठ लावून जमिनीवर बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नर आपल्या पायांनी येईपर्यंत वाट पाहतो. कधी दोन-दोन तास. त्या वेळात मांडीवरची बोटंसुद्धा बेताने हलवायची.

आता सांगा, अशा माणसाने पाठपिशवी घेऊन करायचं काय? झाडाला टेकायचं तर ती मध्ये येते. काढून बाजूला ठेवली तर हात लांबवावा लागतो, आणि हात लांबवला की खेळ संपला. म्हणून त्यांच्याकडे खास बंडी असते. आजोबांनी ती मला दाखवली आणि मी ती उलटीपालटी करून अर्धा तास बघत बसले. लेकीला वाटलं, आईचं आता काही खरं नाही.

बंडीच्या मागच्या बाजूला खाली जाड फोमची गादी. चालताना ती वर दुमडून बकलाने अडकवायची, बसताना सोडली की आपोआप बुडाखाली येते. पाठीलाही पातळ गादी, म्हणजे खोडाच्या गाठी टोचत नाहीत. डाव्या बाजूला एक लांबट, अरुंद खिसा, त्यात लाकडी पेटीसारखं वाद्य. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो. ते झाकण चालताना आपोआप कुरकुरू नये म्हणून त्या खिशाला आतून इलॅस्टिकची पट्टी. पेटीला खडू लावावा लागतो आणि दमट झाली की ती मुकी होते, म्हणून खिशाला मेणकापडाचं अस्तर. उजव्या छातीवर चपटा गोल खिसा. त्यात दगडी पाटीची वाटोळी चकती, आणि ती घासायच्या काड्यांना शेजारी पेन्सिलीसारखी घरं शिवलेली. वरती अगदी छोटा खिसा, तोंडात धरून वाजवायच्या पडद्यांचा. ते जिभेने वाजतात, हात मोकळे राहतात, म्हणून पक्षी जवळ आल्यावर तेच कामाला येतात. काडतुसं एका जागी, फांद्या छाटायची छोटी कातर दुसरीकडे, हातमोजे आणि तोंडावरची जाळी तिसरीकडे. पाठीवर मोठा झोळीसारखा खिसा. जाताना त्यात दुमडलेली फोमची नकली मादी, येताना मारलेला पक्षी. नर सात ते दहा किलोंचा भरतो, म्हणून त्या खिशाची शिलाई दुहेरी आणि अस्तर धुता येण्यासारखं.

मला सगळ्यात आवडली ती खिशांची झाकणं. चिकटपट्टी नाही, टिचबटणही नाही. काही खिशांना लोहचुंबकाची बटणं कापडाच्या आत लपवलेली, काहींना साधी काजं. ज्याने ही बंडी आखली, तो आधी स्वतः झाडाखाली बसला असणार. न बघता, कोपर न उचलता, कुठला हात कुठवर पोचतो हे त्याने मोजलंय.

बंडीत दोष नाहीत असं नाही, आणि आजोबांनीच ते सांगितले. सगळा भार खांद्यावर येतो. खिसे आहेत म्हणून माणूस ते भरत सुटतो आणि शेवटी चालतं-फिरतं किराणा दुकान होतो. मे महिन्यात उकडतं. गादीचं बकल सैल असेल तर चालताना ती मांड्यांवर फटफट आपटते. ज्या दिवशी एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर खूप हिंडायचं असेल, त्या दिवशी ते नुसता कमरेचा पट्टा बांधतात. त्यावर दोन छोट्या पिशव्या, बसायला गादीचा सुटा तुकडा, बस. सळ्यांची घडीची खुर्ची जोडलेल्या बंड्याही मिळतात, पण त्या त्यांना पटत नाहीत. आधी जड, आणि मग कुठे तरी लोखंड लोखंडाला लागतंच. मलाही त्यांचं पटलं.

रंगाची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती जिवाशी आहे. टर्कीच्या नराचं डोकं हंगामात लाल, पांढरं आणि निळं दिसतं. झुडपातून तसा रंग चमकला तर दुसरा शिकारी गोळी झाडू शकतो. म्हणून या तिन्हींपैकी काहीही अंगावर दिसता कामा नये, खिशातून डोकावणारा रुमालसुद्धा नाही. उलट, मारलेला पक्षी पाठीवरून नेताना त्यावर भडक नारिंगी कापड गुंडाळतात. बऱ्याच बंड्यांना ते कापड पाठीच्या खिशातच शिवलेलं असतं, हवं तेव्हा बाहेर ओढायचं.

आपल्याकडे असा विचार का झाला नसावा? माझे आजोबा होळकर सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या तोंडून हाक्याच्या, मचाणाच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या. रालामंडळच्या टेकडीवरचं होळकरांचं शिकारीचं घर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या गोष्टींत बंदूक धरणारा वेगळा, काडतुसं धरणारा वेगळा, पाणी, डबे, सतरंजी आणणारे आणखी वेगळे. सामान वाहायला माणसं असल्यावर खिसा कुठे असावा याचा विचार कोण करणार? 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो खेळ बंद झाला, आणि तो बंदच राहावा. मला शिकाऱ्याची बंदूक नकोय, त्याची शिलाई हवीय.

तर मी परतल्यावर एक बंडी शिवली. जाड खाकी ड्रिल, आधी दोनदा धुऊन घेतलं, कारण कोरं ड्रिल फार सळसळतं. गादीला योगासनाच्या जुन्या चटईचा तुकडा, कापडात घालून चारी बाजूंनी गोट मारला. तो पाणी पीत नाही, त्यामुळे दवावर बसलं तरी कपडे कोरडे. दुर्बिणीला खिसा ठेवला नाही. ती छातीवरच असते, फक्त झोके घेऊ नये म्हणून तिच्यावरून एक इलॅस्टिकची आडवी पट्टी घेतली. वही उजवीकडे, कारण मी उजव्या हाताने लिहिते. चष्म्याच्या खिशाला आतून फलालीन. रक्तदाबाची गोळी, टोपी आणि पोळीची गुंडाळी डावीकडे. पाण्याची बाटली पाठीच्या खिशात ठेवून पाहिली, पण टेकलं की मणक्याला लागते, म्हणून ती कमरेला, डाव्या बगलेच्या रेषेत आली. खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून कमरेला नेफा करून रुंद नाडी ओवली. ती बांधली की निम्मं वजन कंबर घेते, हे शिकाऱ्यांच्या बंडीतही असतं तर बरं झालं असतं.

बायकांना याचा दुप्पट उपयोग आहे. आपल्या कुडत्यांना खिसे नसतात, असले तर त्यात मोबाइलसुद्धा मावत नाही. साडीवरही ही बंडी छान बसते, थंडीत स्वेटरवरूनही चढते.

ज्यांना दिवसभर यशवंतसागरच्या काठाने सारस शोधत पायपीट करायची असते, त्यांनी पाठपिशवी जरूर घ्यावी, पण 15-20 लिटरच्या पुढे जाऊ नये आणि घेण्याआधी दुकानात प्रत्येक कप्पा उघडून आवाज ऐकावा. दुकानदार बघत राहील, बघू दे. मोठा कॅमेरा आणि तिकाटणं वाहणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे, त्यांना माझ्या बंडीने भागणार नाही.

वाचकांपैकी कुणाला ही बंडी शिवायची असेल, तर कागदावर कापायचा नमुना आखून मी आपल्या कार्यालयात आणून देते, पुरवणीत जागा असेल तर छापावा. माप घेताना छाती आणि पाठीची उंची घ्यावी, आणि आपण मांडी घालून बसतो की पाय पसरून, हे शिंप्याला आधी सांगावं. गादीची लांबी त्यावर ठरते.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
रामबाग, इंदूर