पाचपैकी एकच पाहून लावलेला निकाल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘लगान’च्या आठवणींचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘हातातोंडाशी आलेले परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर हिरावले गेले’ हा त्यातला सूर खटकला, म्हणून हे पत्र.

२५ मार्च २००२, सोमवारची सकाळ. मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून टीव्हीपुढे बसलो होतो. पाकिटातून बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’चे नाव निघाले आणि घरात सगळ्यांनी मिळून ऑस्कर देणाऱ्या अकादमीला शिव्या घातल्या. बोस्निया नकाशात नेमका कुठे आहे, हे आमच्यापैकी एकालाही धड सांगता आले नसते.

पुढे एक नियम वाचनात आला. त्या काळी परभाषिक चित्रपटाच्या विभागात अंतिम मत द्यायचे, तर अकादमीच्या सदस्याने नामांकन मिळालेले पाचही चित्रपट चित्रपटगृहात बसून पाहिलेले असावे लागत. म्हणजे मत देणाऱ्यांनी पाच पाहिले होते आणि अन्याय झाला म्हणून ओरडणाऱ्या आम्ही एकच. उरलेले चार मी नंतरच्या काही वर्षांत जमेल तसे गाठले. दोन फिल्म सोसायटीत, दोन भाच्याने आणून दिलेल्या डीव्हीडींवर. त्यानंतर माझा क्रम बदलला.

माझ्या यादीत तळाला फ्रान्सचा ‘अमेली’. यावरून घरातच भांडण आहे. पाचांत सर्वाधिक गाजलेला हाच, ऑस्करची पाच नामांकने मिळवलेला. पॅरिसमधल्या माँमार्त्रच्या कॅफेतली वेट्रेस गुपचूप लोकांचे भले करत फिरते, बापाच्या बागेतल्या बुटक्याच्या पुतळ्याला जगप्रवासाला धाडते. दिसायला देखणा चित्रपट, पण मला तो पाकातल्या चिरोट्यासारखा वाटतो. पहिला मिटक्या मारत खावा आणि तिसऱ्याला पाणी मागावे. मुलगी म्हणते, बाबा म्हातारे झाले.

त्याच्या वर नॉर्वेचा ‘एलिंग’. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेले दोन पुरुष ऑस्लोत सरकारने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहू लागतात. फोन उचलणे, कोपऱ्यावरच्या दुकानात जाणे हीच त्यांची एव्हरेस्टे. एलिंग कविता लिहितो आणि सुपरमार्केटमधल्या आंबवलेल्या कोबीच्या पाकिटांत लपवून येतो. संग्रहाच्या प्रती माळ्यावर रचून ठेवलेल्या आपल्याकडच्या कवींनी याचा जरूर विचार करावा. छोटा, गोड चित्रपट. त्याहून मोठा होण्याची त्याची इच्छाही नाही.

तिसरा ‘लगान’. हे लिहिताना हात अडखळतो. आशुतोष गोवारीकरांचे दिग्दर्शन, भुजजवळच्या माळावर नितीन चंद्रकांत देसाईंनी उभे केलेले चांपानेर, याचा अभिमान मलाही आहे. पावणेचार तासांच्या लांबीबद्दलही माझी तक्रार नाही. सामना सुरू झाल्यावर घड्याळाकडे बघतो कोण? मला खुपते ते ‘कचरा’ या दलित गोलंदाजाचे पात्र. गाव त्याला शिवायला तयार नसते, नायक भुवन एक भाषण करतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ काही मिनिटांत फिटतो. खुद्द कचऱ्याच्या तोंडी त्या प्रसंगात जवळपास काहीच नाही. हॅटट्रिक त्याची, पण शेवटच्या चेंडूला तोच समोर असताना पटकथेला नो-बॉल सुचतो आणि विजयी षटकार नायकाच्या बॅटीतून जातो. आपल्याच पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नेटमध्ये चेंडू टाकून तयार झालेल्या दलित गोलंदाज बाळू पालवणकरांची गोष्ट याहून कितीतरी कडवट आहे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांना संघात घेणाऱ्यांनीही चहा मात्र बाहेर आणि वेगळ्या भांड्यात दिला होता.

दुसऱ्या क्रमांकावर अर्जेंटिनाचा ‘सन ऑफ द ब्राइड’. बेचाळिशीचा राफाएल रेस्टॉरंट चालवता चालवता हृदयविकाराचा झटका ओढवून घेतो. आईला स्मृतिभ्रंश. म्हाताऱ्या वडिलांना आता तिच्याशी चर्चमध्ये लग्न लावायचे आहे, कारण तरुणपणी तत्त्वापायी त्यांनी तेवढी एकच हौस पुरवली नव्हती. चर्च म्हणते, वधूला समज नाही, तिची संमती कशी धरायची? मग राफाएलचा नट मित्रच पाद्र्याचा झगा चढवतो. माझ्या आईची शेवटची चार वर्षे अशीच गेली. मला ती ओळखायची ते केवळ आवाजावरून, तेही अधूनमधून. तेव्हा माझे परीक्षण पक्षपाती आहे, हे कबूल. याच दिग्दर्शकाला, कॅम्पानेलाला, २०१०मध्ये वेगळ्या चित्रपटासाठी हेच ऑस्कर मिळाले. मी ती व्याजासह परतफेड धरतो.

आणि पहिला, अकादमीचाच, ‘नो मॅन्स लँड’. काळ बोस्नियातल्या युद्धाचा. दोन फळ्यांमधल्या खंदकात एक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातला मुस्लिम, आणि एक सर्ब. ज्याच्या हातात बंदूक तो दुसऱ्याकडून वदवून घेतो की युद्ध तुम्हीच सुरू केले. बंदूक फिरते, तसे उत्तरही फिरते. मध्येच दोघांच्या ओळखीची एकच मुलगी निघते आणि क्षणभर त्या गप्पा एसटी स्टँडवरच्या वाटतात. तिसऱ्या सैनिकाच्या पाठीखाली सुरुंग आहे. तो हलला की सगळेच संपले. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी येतात, वार्ताहर येतात, सुरुंग निकामी करणारा तज्ज्ञ येऊन हात टेकतो. शेवटी ‘माणूस वाचवला’ असे भासवून सगळे निघून जातात आणि तो तसाच पडून राहतो. दिग्दर्शक दानिस तानोविच याने युद्धात वेढलेल्या सारायेव्होत, बोस्नियाच्या राजधानीत, स्वतः कॅमेरा चालवला होता, म्हणूनच बहुधा यात एकही भाषण नाही. हे सारे सुमारे पावणेदोन तासांत.

लेखकांनी बाकीचे चारही पाहिले असतील आणि तरीही त्यांचे मत तेच असेल, तर वाद घालायला मला आवडेल. निदान दुसऱ्या क्रमांकावरून.

– एक नियमित वाचक, सातारा